रोजकीर्द, खतावणी आणि एक शीट

जळगावच्या व्यापारी पेढ्यांवर हिशेब आता टॅलीत असतो, पण लक्ष्मीपूजनाला पूजा होते ती लाल कापडी बांधणीच्या वहीचीच. ती वही एकदा सवडीनं उघडून पाहावी. जुन्या पद्धतीच्या वहीत छापील रेघा नसतात. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दोन्ही बाजूंना पहिला सळ रकमेचा, उरलेले तपशिलाचे. त्यामुळे नजर आधी आकड्यावर जाते, मग कारणावर. ज्यानं कोणी ही मांडणी ठरवली, त्याला वाचणाऱ्याची घाई कळली होती.

खरी करामत पुढेच आहे. रोजकीर्द तारखेनं चालते, खतावणी नावानं. एकच व्यवहार दोन्हींत उतरतो, कारण धंद्यात प्रश्न दोनच असतात: आज काय झालं, आणि या माणसाशी आपलं काय चाललंय. पेशवे दफ्तरातही रोजकीर्दी आहेत. राज्याचा कारभार ज्या शिस्तीवर चालला, ती किराणा दुकानालाही पुरली.

एकट्यानं सॉफ्टवेअर करून देणाऱ्या माणसाला, म्हणजे मला आणि जळगाव-धुळ्यातल्या माझ्यासारख्यांना, हेच दोन प्रश्न पडतात. पार्ट्या दहा-पंधरा. एखादी डाळ मिल, रावेरकडचा केळीचा व्यापारी, धुळ्यातला क्लास, एखादा दवाखाना. बाजारात मिळणारी मोठी सीआरएम, म्हणजे ग्राहकांशी संबंध सांभाळणारी सॉफ्टवेअर विक्रीच्या फौजेसाठी बांधलेली असतात. लीड कुठल्या टप्प्यावर आहे, सौदा होण्याची शक्यता किती टक्के, हे ती विचारतात आणि माणशी दरमहा पैसे घेतात. त्यांच्या जागी ती उत्तमच आहेत. पण आपल्याला सौद्याची शक्यता मोजायची नसते, दिलेला शब्द लक्षात ठेवायचा असतो.

म्हणून मला साधी शीट, म्हणजे स्प्रेडशीट आवडते. कॉम्प्युटरवरची शीट हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला सुचली वर्गातच. फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. 1979 साली त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं व्हिजिकॅल्क आणलं, आणि ती पुसापुशी संपली. शीटमध्ये तीच नोंद तारखेनं लावली की रोजकीर्द, पार्टीच्या नावानं फिल्टर केली की खतावणी. दोनदा लिहायचे कष्टही वाचले.

माझ्या शीटमधली एक ओळ पाहा. पार्टी: जिनिंग, बोदवड. काम: वजनकाट्यावरून पावती. ठरले 40,000, आले 20,000. शेवटचं बोलणं: गेटपासवर गाडीचा नंबर मोठा हवा. पुढची तारीख: 10 मार्च. या ओळीतला जीव शेवटच्या रकान्यात आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की जिनिंगचा मालक गाड्यांच्या रांगेतून मोकळा होत नाही. तेव्हा बाकीसाठी फोन करणं म्हणजे पैसे आणि संबंध दोन्ही गमावणं. 10 मार्च या तारखेत खानदेशचा हंगाम बसलेला आहे. कुठल्याही सॉफ्टवेअरचं ‘सात दिवसांनी आठवण’ हे बटण तिथं पोचत नाही.

‘शेवटचं बोलणं’ हा रकाना मी मोकळा ठेवतो, ड्रॉपडाऊन लावत नाही. धुळ्याकडचं गिऱ्हाईक ‘दिवायी नंतर देखसूत’ (दिवाळीनंतर बघू) म्हणतं, तेव्हा त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो. त्याचे शब्द तसेच लिहिले तरच पुढच्या वेळी बोलणं कुठून उचलायचं ते कळतं.

एक रकाना मात्र जरूर वाढवावा: टीडीएस. कंपनी कर कापून पैसे पाठवते. तो रकाना नसेल तर कापलेली रक्कम उधारी म्हणून दिसत राहते आणि चोख पैसे देणाऱ्याला आपण तगादा लावतो.

व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलंही याच घराण्यातली. तयार मिळणाऱ्यांतली पाच: नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण. पाचांतली दोन पैशांची. दुकानदाराचं मन ओळखणाऱ्या माणसानंच ती ठरवली असणार. पण लेबल आजची स्थिती सांगतं, मागचा इतिहास सांगत नाही, म्हणून शीट त्याच्या जोडीला लागतेच.

शीटची मर्यादाही स्पष्ट आहे. पार्टीच्या सर्व्हरचे पासवर्ड तिच्यात कधीही लिहू नयेत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर हवा. आणि हाताखाली दुसरा-तिसरा माणूस आला, कोणी कोणाला काय कबूल केलं याचा गोंधळ व्हायला लागला, की मोठं सॉफ्टवेअर घ्यावं, पैसे मोजून घ्यावं. तोवर एकट्या माणसाला सात रकान्यांची शीट पुरते. नवं काही विकत घेण्याआधी आपल्या सगळ्या पार्ट्यांसमोर ‘पुढची तारीख’ लिहून काढा, आणि महिनाभर रोज सकाळी तो एकच रकाना वाचा.