'नदी सुधार' आणि 'नदीकाठ सुधार' : पुण्यातील नदीचळवळीची परिभाषा

मुळा-मुठेच्या प्रदूषणाविषयी पुण्यात चाललेल्या वादाचा अभियांत्रिकी व पर्यावरणशास्त्र यांच्या अंगाने पुष्कळ विचार झाला आहे. त्या वादाची भाषा मात्र उपेक्षित राहिली. वस्तुतः वादातील बराचसा गुंता शब्दयोजनेतूनच उद्भवलेला दिसतो.

मार्च 2022 मध्ये दोन योजनांची पायाभरणी झाली. एक मैलापाण्यावर प्रक्रिया करणारी 11 केंद्रे जपानी अर्थसाहाय्याने उभारण्याची. दुसरी सुमारे 44 किलोमीटर नदीचे काठ बांधून काढण्याची. पहिली 'नदी सुधार' व दुसरी 'नदीकाठ सुधार' या नावाने ओळखली जाते. भेद केवळ 'काठ' या एका पदाचा. आणि बोलण्याच्या ओघात गळून पडते ते नेमके हेच पद. परिणामी पहिल्या योजनेविषयीची अपेक्षा नकळत दुसरीच्या पदरात पडते. दुसरीलाच 'पुनरुज्जीवन' म्हटले गेल्याने तर हा अर्थविस्तार न राहता अर्थापहार होतो. शिवाय 'सुधार' हे रूप मराठीच्या घडणीचे नव्हे. मराठी शब्द 'सुधारणा'. आणि सुधारणा कोणाची व कोणत्या बाबतीत, हा प्रश्न आगरकरांच्या पुण्याला अपरिचित नाही.

चळवळीची शब्दयोजनाही सर्वत्र निर्दोष नाही. एप्रिल 2023 मध्ये वृक्षतोडीविरुद्ध निघालेल्या मोर्चाने 'चलो चिपको' ही हाक स्वीकारली. 1973 च्या हिमालयातील आंदोलनाचे पुण्य या शब्दाच्या पाठीशी आहे व त्याने माणसे जमली, हे मान्य करावे लागेल. तथापि हा अरण्याचा शब्द आहे. त्याने लक्ष वृक्षांवर खिळते. भरावाने पात्र अरुंद होऊन पुराची पातळी वाढेल, हा चळवळीचा अधिक गंभीर आक्षेप त्यामुळे मागे पडतो. याउलट 'जीवितनदी' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी योजलेला 'दत्तक' हा शब्द साधा आणि अर्थपूर्ण आहे. नदीला माय म्हणणाऱ्या समाजाने तिचा काठ दत्तक घ्यावा, यातील नात्याची उलटापालट गमतीची असली, तरी दत्तकविधानाने येणारी जबाबदारी कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

येथे शुद्ध मराठीचा आग्रह धरण्याचे प्रयोजन नाही. 'निळी रेषा' व 'लाल रेषा' हे शब्द उघडउघड भाषांतरित आहेत. पण पहिलीचा अर्थ 25 वर्षांतून एकदा व दुसरीचा 100 वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची मर्यादा, असा निश्चित आहे. नागरिक नकाशा घेऊन काठावर उभा राहिला, तर तो या शब्दांचा पडताळा पाहू शकतो. 'सुधार' या शब्दाचा पडताळा कसा पाहणार?

'ओढा' आणि 'नाला' ही जोडी अधिक बोधप्रद आहे. ओढ्यात वाहते पाणी अपेक्षित असते, नाल्यात घाण. पावसाळ्यापूर्वी होते ती 'नालेसफाई'. 'ओढेसफाई' हा शब्द ऐकिवात नाही. ज्याला एकदा नाला म्हटले, त्याला वळवण्यास वा झाकण्यास लोकांची फारशी हरकत उरत नाही. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने आपले नाव तेवढे टिकवले. परंतु तो ओढाच आहे, याचे स्मरण शहराला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री, अनेकांचे प्राण गेल्यावर झाले.

सर्वांत दुर्लक्षित शब्द 'सांडपाणी' हा होय. जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे टाकून देणे, त्यागणे. तेव्हा सांडपाणी म्हणजे ज्यावरचे स्वामित्व आपण सोडले ते पाणी. महानगरपालिकेत पाणीपुरवठा आणि मलनिःसारण ही खाती निराळी आहेत, आणि चळवळीच्या बोलण्यातही पिण्याचे पाणी व सांडपाणी हे बहुधा दोन विषय असतात. जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे या मज्जाविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले व संशय पिण्याच्या पाण्यावर गेला, तेव्हा ही विभागणी किती तकलादू आहे ते दिसले. पुण्याने सांडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते. पुढे उजनीच्या जलाशयात पोचल्यावर सोलापूर त्याला पिण्याचे पाणी म्हणते.