मोटारीतल्या सुगंधाची समीक्षा

नाटकाची समीक्षा होते, कवितेची होते. मोटारीतल्या वासाची कुणी करीत नाही. वास्तविक नाटक आवडलं नाही तर मध्यंतरात उठून जाता येतं. धावत्या मोटारीत ती सोय नाही!

घरगुती उपायांतला पहिला मानकरी कापूर. दोन वड्या ठेवल्या की गाडीचं देऊळ होतं. पण कापूर न वितळताच उडून जातो. उन्हात तापलेल्या बंद गाडीत तर झपाट्यानं. वड्या गायब, दरवळ डोक्यात! कॉफीची पुरचुंडी कुबट वास झाकते, घालवीत नाही. काही रसिक लिंबात लवंगा टोचतात. त्या लिंबाला बुरशी आली की मूळ वासाला जोडीदार मिळतो. डांबराच्या गोळ्यांबाबत मात्र थट्टा नको. बंद जागेत त्यांची वाफ घातक, लहान मुलांना तर फारच.

खरा गुणी नट खाण्याचा सोडा. रात्री सीटवर भुरभुरावा, सकाळी झाडून घ्यावा. आंबट वासाशी परस्पर मिटवून टाकतो आणि स्वतः मिरवत नाही.

पण खलनायक बहुधा पायाखाली असतो : पावसात भिजलेलं मॅट. ते आधी उन्हात टाका. उतरण्यापूर्वी पाच मिनिटं एसी बंद ठेवून नुसता पंखा चालवा, म्हणजे आतली ओल वाळते.

खंबाटकी घाटात मागचं पोर "आई, मळमळतंय" म्हणतं, तेव्हा त्याला मोगरा नको असतो. काच खाली हवी असते.