नव्वदीत सगळे सारखे? एका आलेखाची उलटतपासणी



माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. "वय वाढतं तसा सामाजिक स्तराचा आरोग्यावरचा परिणाम कमी होतो आणि पंच्याऐंशीनंतर तो जवळपास नाहीसा होतो." पुढे कंसात तीन संदर्भ. वाक्य मला फार आवडलं होतं. आरएसीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नाहीसा काय होतो? परिणाम की माणसं?"

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. रिग्रेशन कसं चालवायचं, ते येत होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र आलं नाही. सिनॉप्सिस सहा महिने लांबला. त्या सहा महिन्यांत जे कळलं, ते आज तुम्हाला सांगते. पेट किंवा नेट देऊन विषय शोधत असाल, तर हे आत्ताच वाचा. नंतर महाग पडतं.

आधी दावा नीट समजून घेऊ

टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं त्याच्या बाजूने मांडता आलं पाहिजे. ते असं आहे.

अमेरिकेत जेम्स हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं की तरुणपणी गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यात फारसा फरक नसतो. पन्नाशी-साठीत तो सर्वाधिक असतो आणि पुढे पुन्हा कमी होतो. कारणंही पटण्यासारखी आहेत. कष्टाचं काम, धूर, ताण, कर्ज यांचा मारा मधल्या वयात असमान असतो. म्हातारपणी काम सुटतं, पेन्शन आणि सरकारी आरोग्यसेवा मिळते, आणि शरीराची झीज कोणालाच सोडत नाही. थोडक्यात, म्हातारपण सगळ्यांना एका पातळीवर आणतं. याला 'वय सपाट करतं' असा सिद्धांत म्हणू.

याच्या उलट दुसरी फळी आहे. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानातल्या मानसन्मानाबद्दल 'मॅथ्यू इफेक्ट' मांडला होता. ज्याच्याकडे आहे, त्यालाच आणखी मिळतं. हाच विचार पुढे आयुष्यक्रमाला लावला गेला. १९९६ साली कॅथरीन रॉस आणि चिया-लिंग वू यांनी दाखवलं की शिक्षणामुळे पडणारं आरोग्याचं अंतर वयाबरोबर वाढतं.

देश एकच, दशक एकच, निष्कर्ष उलटे. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात? 'साहित्यात मतभेद आहेत' असं लिहून पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. मीही तेच केलं होतं. पण मतभेद का आहेत, हे शोधणं हेच आपलं काम आहे.

एक कागदी गणित

हे आकडे माझे, बनवलेले आहेत. कागद-पेन घ्या.

साठ वर्षांच्या १००० शेतमजूर बायका आणि १००० शिक्षिका घ्या. मजूर बायकांत ५०० धडधाकट, ५०० खंगलेल्या. शिक्षिकांत ८०० धडधाकट, २०० खंगलेल्या. आता समजा, पंच्याऐंशीपर्यंत धडधाकटांपैकी निम्म्या जगतात आणि खंगलेल्यांपैकी १० टक्के. दोन्ही गटांना नियम सारखाच. शिवाय कोणाचीही तब्येत सुधारत नाही की बिघडत नाही.

पंच्याऐंशीला मजूर बायका उरल्या ३०० : २५० धडधाकट, ५० खंगलेल्या. म्हणजे खंगलेल्या सुमारे १७ टक्के. शिक्षिका उरल्या ४२० : ४०० धडधाकट, २० खंगलेल्या. म्हणजे सुमारे ५ टक्के.

साठीला अंतर होतं ३० टक्के-बिंदूंचं. पंच्याऐंशीला ते उरलं १२ चं. आलेख काढलात तर दोन रेषा सुंदर जवळ येताना दिसतील आणि तुम्ही लिहाल, 'विषमता कमी झाली'. पण एकाही बाईची तब्येत बदललेली नाही! बदललं ते इतकंच की आलेखात कोण उरलं.

याला निवडक मृत्यू म्हणतात. व्हॉपेल, मॅन्टन आणि स्टॅलर्ड यांनी १९७९ साली हे गणित नीट मांडलं. माणसं आतून कमी-जास्त नाजूक असतात. नाजूक आधी जातात, त्यामुळे मागे राहिलेला गट हळूहळू चिवट होत जातो. ज्या गटावर मृत्यूचा मारा जास्त, तो जास्त गाळला जातो.

याच गणितात आणखी एक गोष्ट लपली आहे. साठीला मजूर बायकांत खंगलेल्यांचं प्रमाण शिक्षिकांच्या २.५ पट होतं. पंच्याऐंशीला ते ३.५ पट झालं. म्हणजे वजाबाकी केली तर विषमता घटली, भागाकार केला तर वाढली. माहिती तीच! दोन शोधनिबंध भांडताना दिसले, तर आधी पाहा की एकजण वजाबाकी आणि दुसरा भागाकार तर करत नाही ना. तुमच्या प्रबंधात दोन्ही द्या.

आणि तिसरी गोष्ट, जी आलेखात कुठेच नाही : ३०० आणि ४२०. पंच्याऐंशीला पोचणं हीच मुळात सामाजिक गोष्ट आहे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

तरीही इथे थांबलात तर तुम्हीही माझ्यासारखेच घाईत आहात. मेगन बेकेट यांनी २००० साली, त्याच माणसांचा पाठपुरावा केलेल्या माहितीवरून हे तपासलं. निवडक मृत्यू हे एकटं कारण पुरत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे हे कारण शक्य आहे, पण प्रत्येक ठिकाणी तेच आहे असं नाही. तपासावं लागतं. 'हे सगळं सिलेक्शन आहे' असं ठोकून देणं हाही आळसच.

वय खरंच तेवढं आहे का?

माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून. तुमच्याही घरात असे १ जूनवाले असतीलच. आजीला वय विचारलं की ती म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात तुझा धाकटा काका रांगत होता, आता तूच लाव हिशोब."

हसण्यावारी नेऊ नका. वय नीट नोंदलेलं असणं हेही शिक्षणावर आणि सुस्थितीवर अवलंबून आहे. समजा, एका अशिक्षित बाईचं खरं वय ७८ आहे आणि नोंद झाली ८६. ती ८५ वर्षांवरच्या गटात जाऊन बसते आणि त्या गटातल्या गरिबांची तब्येत आहे त्यापेक्षा बरी दिसू लागते. चूक कारकुनाची, पण ती आलेखात 'सपाट करणारं वय' म्हणून उमटते.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जवळपास आयुष्यभर गोऱ्यांपेक्षा जास्त असतो, पण अगदी म्हातारपणी रेषा एकमेकींना छेदतात आणि कृष्णवर्णीयांचा दर कमी दिसतो. सॅम्युअल प्रेस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये काय केलं? १९८५ साली वारलेल्या ६५ वर्षांवरच्या कृष्णवर्णीयांचे मृत्यूचे दाखले घेतले आणि तीच माणसं १९००, १९१० आणि १९२० च्या जनगणनेत, म्हणजे लहान किंवा तरुण असताना शोधली. सामाजिक सुरक्षा कार्यालयाच्या नोंदीही पडताळल्या. वयं दुरुस्त केल्यावर ८५ नंतरचा मृत्युदर बराच वर गेला आणि तो छेद नाहीसा झाला. ९५ च्या पुढे मात्र गोऱ्यांच्याच आकड्यांची खात्री नसल्याने तिथे पक्की तुलना करता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

यातली गंमत पाहा. दाखल्यांवरची वयं सरासरीने कमीच लिहिलेली होती, तरी ९५ च्या वरचे मृत्यू प्रमाणापेक्षा जास्त निघाले. कारण त्या वयाला माणसंच इतकी थोडी असतात की खालच्या मोठ्या गटातून चुकून वर सरकलेली मूठभरही तिथे गर्दी करतात. अतिवृद्धांवर काम करणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

उत्तर कोण देतंय, आणि कोण घरीच नाही?

'तुमची तब्येत कशी आहे?' हा सर्वेक्षणातला लाडका प्रश्न. अमर्त्य सेन यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की भारतात सर्वाधिक आयुर्मान असलेल्या केरळातले लोक आजारपणही सर्वाधिक सांगतात आणि बिहारातले कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की आजाराला नाव मिळतं. जिथे नाव मिळत नाही, तिथे गुडघेदुखी हे 'वयच झालं आता' असतं. मग गरीब आजी 'बरं चाललंय' म्हणते, निवृत्त प्राध्यापिका पाच आजार मोजून दाखवते आणि तुमच्या तक्त्यात फरक मिटतो.

इंग्लंडमधल्या 'न्यूकॅसल ८५+' या अभ्यासात १९२१ साली जन्मलेल्यांची तपासणी झाली. ठरवलेल्या आजारांपैकी एकही नसलेला माणूस त्यांना सापडला नाही, तरी बहुसंख्यांनी आपली तब्येत वयाच्या मानाने चांगली असल्याचं सांगितलं. दोन्ही खरं असू शकतं. पण दोन्ही मोजलं तरच दिसतं.

शिवाय अंथरुणाला खिळलेली, विसरायला लागलेली व्यक्ती उत्तर देऊच शकत नाही. तिला यादीतून वगळलं की सर्वांत आजारी माणूसच गळतो. न्यूकॅसलवाल्यांनी वृद्धनिवासात राहणारेही घेतले. स्वीडनमध्ये १९९२ पासून चालू असलेला 'स्वीओल्ड' हा अभ्यास संस्थांमधल्या वृद्धांना घेतो आणि गरज पडल्यास जवळच्या माणसाकडून उत्तर घेतो. कोणताही निबंध वाचताना आधी नमुन्याचा परिच्छेद उघडा. कोण वगळलं, ते तिथे लिहिलेलं असतं. ते नंतर निष्कर्षात कोणी आठवत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडची मोठी माहिती म्हणजे 'लासी'. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांसोबत केलेलं हे सर्वेक्षण. पहिली फेरी २०१७-१८. पंचेचाळीस वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक लोक. काम मोलाचं आहे. पकडीची ताकद, रक्तदाब असं प्रत्यक्ष मोजलेलं आहे, म्हणजे सेन यांच्या आक्षेपाला थोडंफार उत्तर आहे. पण सर्वांत वरचा गट म्हणून अहवालात ७५ वर्षांवरचे ६,७४९ लोक आहेत. त्यांना वय, लिंग, जात, राज्य अशा चाळण्या लावा, एकेका खणात किती उरतात ते मोजा. 'फरक सार्थ नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. अनेकदा अर्थ इतकाच असतो की खणात माणसंच नव्हती.

दुसरी अडचण 'सामाजिक स्तर' मोजायचा कसा, ही. शिक्षण घ्यावं तर १९५१ च्या जनगणनेत स्त्रियांमधली साक्षरता ९ टक्क्यांच्याही खाली होती. त्या पिढीच्या बायका जवळपास सगळ्या एकाच खणात पडतात. मग फरक दिसणार कुठून? घरखर्च घ्यावा तर ८८ वर्षांच्या विधवा आजीच्या नावापुढे येतो तो तिच्या मुलाच्या घरचा खर्च. त्यातलं तिच्या औषधाला किती मिळतं, हे त्या आकड्यात नाही. जमीन कोणाच्या नावावर होती, आयुष्यभर काम काय केलं, जात कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढा आटापिटा कशाला?

कारण हे वाक्य प्रबंधातच राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. मी या योजनेच्या विरोधात नाही. माझ्या आजीलाही तिचा आधार आहे. पण फक्त वयावर बेतलेली कोणतीही सवलत त्या वयाला पोचणाऱ्यालाच मिळते, आणि पोचण्यातच विषमता आहे. 'म्हातारपणी सगळे सारखे' असं आपण संशोधक बेफिकिरीने लिहीत गेलो, तर सत्तरीआधी गेलेल्या मजूर बाईचा हिशोब कोणीच मागणार नाही. ती आलेखात नाही, म्हणून प्रश्नातही नाही.

माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : "पंच्याऐंशीनंतर सामाजिक स्तरानुसार आरोग्यातला फरक कमी दिसतो, त्यातला किती भाग मृत्यूमुळे झालेल्या गाळणीचा, किती वयाच्या नोंदीचा आणि किती खरा, हे तपासणं हा या अभ्यासाचा उद्देश आहे." पहिल्याइतकं डौलदार नाही. पण यावर तीन वर्षं काम करता येतं. पहिल्या वाक्यावर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तुमच्यासाठी गृहपाठ : तुमच्या विषयातला, दोन रेषा जवळ येणारा एक आलेख शोधा. वरचं कागदी गणित त्याला लावून पाहा आणि रेषा जिथे जवळ येतात तिथे किती माणसं उरली होती, तो आकडा शोधा. तो निबंधात सापडला नाही, तर कदाचित तुमचा विषय तुम्हाला सापडला.