कायद्याबाहेरचा नायक आणि सूडाची परिणती : 'फकिरा' व 'वन-आयड जॅक्स' यांचा तौलनिक विचार

सहायक प्राध्यापक, मराठी विभाग, हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा

बीजसंज्ञा : बंडखोर नायक, सूड, गुन्हेगार जमाती कायदा, वेस्टर्न चित्रपट, दलित साहित्य

प्रस्तावना :

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना तिला लाभली. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लेखकाने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे. एवढी मान्यता मिळूनही या कादंबरीविषयी एक आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकू येतो. घोडा, तलवार, पाठलाग आणि पित्याच्या वधाचा सूड या सामग्रीमुळे ती एक रंजक साहसकथा ठरते, असा तो आक्षेप आहे. वर्गात शिकवतानाही विद्यार्थी फकिराला चित्रपटातील नायकाच्या रूपात पाहतात, असा अनुभव येतो. त्यामुळे या आक्षेपाची तपासणी प्रत्यक्ष चित्रपटाच्याच साहाय्याने करून पाहावी, या हेतूने प्रस्तुत निबंधात मार्लन ब्रँडो दिग्दर्शित 'वन-आयड जॅक्स' (1961) हा हॉलिवूडचा वेस्टर्न चित्रपट तुलनेसाठी घेतला आहे. ब्रँडोने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट होय. दोन्ही कलाकृतींत कायद्याबाहेरचा नायक व सूडाची प्रेरणा हे घटक समान आहेत. तथापि 'कायद्याबाहेरचा' या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

'वन-आयड जॅक्स' : व्यक्तिगत सूडाचे स्वरूप

चित्रपटाचे कथानक 1880 साली मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात सुरू होते. रिओ (ब्रँडो) आणि डॅड लाँगवर्थ (कार्ल माल्डन) हे दोघे बँक लुटून पळतात. पाठलागात दोघांना मिळून एकच घोडा उरतो. ताजे घोडे आणण्यासाठी गेलेला डॅड सोने घेऊन परत येत नाही व रिओ पकडला जातो. पाच वर्षांच्या कारावासानंतर रिओ त्याचा शोध घेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पोहोचतो. त्या वेळी डॅड तेथील शेरीफ झालेला असतो. भेटीत दोघेही एकमेकांशी खोटे बोलतात. पुढे हाच शेरीफ रिओला भर रस्त्यात चाबकाने फोडून काढतो आणि त्याचा पिस्तूल चालविणारा हात ठेचतो.

चित्रपटाचे शीर्षक पत्त्यांतील एकाक्ष गुलामावरून घेतले आहे. त्या पत्त्यावर चेहऱ्याची एकच बाजू दिसते. गावाला शेरीफची प्रतिष्ठित बाजू दिसते. दुसरी बाजू केवळ रिओला ठाऊक असते. कायदा हा मुखवटा असू शकतो, ही जाणीव या चित्रपटाला सरधोपट वेस्टर्नपटांपासून वेगळे करते. तरीही ही जाणीव एका माणसाच्या अप्रामाणिकपणापुरती मर्यादित राहते. शेरीफ खोटा आहे, पण शेरीफपद खोटे आहे असे चित्रपट म्हणत नाही. डॅड मारला गेला की हिशेब पूर्ण होतो.

या संदर्भात मोडेस्टो या मेक्सिकन साथीदाराचे पात्र लक्षणीय आहे. तो रिओशी प्रामाणिक राहतो, टोळीतील गोऱ्या सोबत्यांकडून अपमान सोसतो आणि त्यांच्याच हातून मारला जातो. कथानक त्याच्या मृत्यूपाशी फार काळ थांबत नाही. मोडेस्टोच्या वतीने सूड कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

'फकिरा' : सूडाकडून सामूहिक संघर्षाकडे

मोडेस्टोसारखा उपेक्षित माणूसच 'फकिरा'च्या केंद्रस्थानी आहे. वाटेगावच्या मांगवाड्यातील राणोजी शिगावहून जोगिणी आणतो, कारण तिच्यासोबत जत्रेचा मान गावाकडे येतो. शीव ओलांडल्यावर वार करू नये, ही पाठलागाची रीत. शिगावचा खोत ती रीत मोडून राणोजीला ठार करतो. रीत प्रथम प्रतिष्ठितच मोडतो, एवढ्यापुरते डॅड आणि खोत यांच्यात साम्य आहे.

येथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. निव्वळ सूडकथेत खोताचा हिशेब हाच शेवट ठरला असता. अण्णा भाऊंची कादंबरी त्यापुढे जाते. उत्तरार्धात दुष्काळ, उपासमार आणि ब्रिटिश अंमलाखाली मांगांवर लादलेली हजेरी हे विषय अग्रभागी येतात व पित्याच्या वधाचे वैर मागे पडते. फकिरा धान्य लुटतो ते वस्ती जगविण्यासाठी.

हजेरीचा संदर्भ येथे निर्णायक आहे. गुन्हेगार जमाती कायदा 1871 मध्ये उत्तर भारतात लागू झाला. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यातही अमलात आणता आला. जन्मावरून माणसाला संशयित ठरविणारा हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. रिओ आपल्या कृत्याने कायद्याबाहेर जातो. फकिराच्या समाजाला कायदाच आधी बाहेर ठेवतो आणि मग त्यांच्या हालचालींची नोंद मागतो. म्हणून फकिराचा शत्रू एक माणूस राहत नाही. खोताला शिक्षा करता येते. हजेरीच्या वहीवर सूड कसा घेणार? या प्रश्नामुळेच कादंबरी सूडकथेची चौकट ओलांडते.

शेवटही याच दृष्टीने पाहावा. सरकार फकिराच्या माणसांना अडकवून ठेवते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः शरण जातो. वेस्टर्नचा नायक अखेरीस घोड्यावरून एकटा निघून जाऊ शकतो. फकिराला ते शक्य नाही, कारण त्याच्यामागे वस्ती आहे.

एरिक हॉब्सबॉम यांनी 'प्रिमिटिव्ह रिबेल्स' या ग्रंथात सामाजिक दरोडेखोराची संकल्पना मांडली. तो ग्रंथही 1959 सालचाच. राज्यसत्ता ज्याला गुन्हेगार मानते आणि आपली माणसे ज्याला आपला मानतात, असा हा दरोडेखोर होय. 1832 मध्ये पुण्यात फाशी दिले गेलेले उमाजी नाईक यांच्यापासून ही परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. मराठीतील 'बंड' या शब्दात सत्तेविरुद्ध उठण्याचा जो अर्थ आहे, तो 'दरोडा' या शब्दात नाही. फकिराचे कृत्य सरकारी दप्तरात दरोडा ठरते, तर कादंबरी त्याला बंड मानते.

मर्यादा :

हा बचाव करताना कादंबरीच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. राणोजी ज्या गावाच्या मानासाठी प्राण देतो, ते गाव त्याला वेशीच्या आत जागा देत नाही. ही विसंगती कादंबरीत आहे, पण तिची पुरेशी चिकित्सा नाही. शंकरराव पाटील व विष्णुपंत कुलकर्णी यांच्या सद्भावनेमुळे अन्यायाचा मोठा भार परकीय सत्तेवर जातो आणि गावगाड्याची उतरंड सौम्य भासते. साहसकथेच्या आक्षेपापेक्षा हा आक्षेप अधिक गंभीर असून, समीक्षेने त्याची चर्चा करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

1. 'वन-आयड जॅक्स'मध्ये सूड दोन व्यक्तींपुरता राहतो. कायद्याचा मुखवटा उघडा पडतो, परंतु व्यवस्था अबाधित राहते.

2. 'फकिरा'मध्ये सूड ही केवळ प्रारंभीची प्रेरणा आहे. तिची परिणती सामूहिक जगण्याच्या लढ्यात होते.

3. रिओ कृत्याने, तर फकिरा जन्माने कायद्याबाहेर आहे. हा भेद लक्षात न घेता केवळ बाह्य साम्यावरून कादंबरीला साहसकथा ठरविणे योग्य नाही.

4. अध्यापनात 'फकिरा' गुन्हेगार जमाती कायद्याच्या इतिहासासह शिकवली जावी. त्याविना विद्यार्थ्याच्या मनात घोडा आणि तलवार तेवढी उरेल. हजेरी निसटून जाईल.