‘मोदक’ अक्षरसंच : स्थूलतेचे सौंदर्य आणि वाचनीयतेची मर्यादा

देवनागरीत सलग मजकुरासाठीचे अक्षरसंच बऱ्यापैकी सिद्ध झाले. केवळ शीर्षकासाठी घडविलेले, दृष्टी खिळवून ठेवणारे संच त्या मानाने थोडे आहेत. त्यामुळे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा संच स्वतंत्र विचारास पात्र ठरतो. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांची, रोमन अक्षरे नूपुर दाते यांची.

या स्थूल अक्षरांचे नाते 1966 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सन यांनी संगीतमैफलींच्या भित्तिपत्रकांसाठी रेखाटलेल्या सायकेडेलिक अक्षरांशी जोडता येते. विल्सन यांच्यापुढे व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांचा नमुना होता. अक्षर फुगून सारी जागा व्यापते आणि पार्श्वभूमी चिरेएवढी उरते. वाचकाने थांबून शब्द उलगडावा, हाच तेथे हेतू होता. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या फलकाला मात्र ही चैन परवडणारी नाही.

देवनागरीपुढील अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘व’ आणि ‘ब’ यांतील भेद पोटातील एका तिरप्या रेषेचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद शिरोरेषेलगतच्या लहानशा खंडाचा किंवा गाठीचा. अक्षर जितके पुष्ट, तितकी ही ओळख धोक्यात. ‘मोदक’च्या रचनाकारांनी पोटातील पोकळी बारीक फटींवर आणूनही अक्षर हरवू दिले नाही, हे त्यांचे खरे यश होय. मिठाईच्या दुकानाचे नाव, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ अशा दोन-तीन अक्षरांच्या जागी तो खुलतो. परंतु ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ हे सारे शब्द त्यातच बसविले, की रफार आणि ‘त्स’सारखे जोडाक्षर एकमेकांना रेटू लागतात. हा दोष संचाचा नव्हे, योजकाचा.

येथे मुलुंडचे कमल शेडगे (निधन 2020) यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावे त्यांनी त्या त्या नाटकाची प्रकृती ओळखून हाताने रेखाटली. तेथे अक्षराचे वजन शब्दाच्या अर्थातून येई. मुक्त परवान्यामुळे सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या संचात हे वजन आधीच ठरलेले असते. उत्सव असो की श्रद्धांजली, त्याचा गोंडस गुबगुबीतपणा बदलत नाही. शेडगे यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही.

तरीही हाताने अक्षरे काढून घेणे ज्यांच्या आवाक्यात नाही, अशा छोट्या मंडळांना व दुकानदारांना ‘मोदक’ने डौलदार पर्याय दिला, हे नाकारता येत नाही. फलकावरचे नाव तेवढे त्यात लिहावे. पत्ता, वेळ आणि कार्यक्रम याच संस्थेच्या ‘मुक्त’ या सडपातळ संचात.