माती चांगलीच, पण बांधणार कोण?

आजचा विषय आहे नैसर्गिक, आरोग्याला मानवणारी, टिकाऊ घरं आणि अशा घरांचा प्रसार करणारे व्यावसायिकांचे गट. असे गट आता आपल्याकडे बरेच झालेत. आर्किटेक्ट, इंजिनिअर, काही हौशी मंडळी एकत्र येतात, कार्यशाळा घेतात, माती तुडवतात, फोटो काढतात. या मंडळींविषयी आम्हाला आपुलकी आहे, आणि म्हणूनच आज जरा परखड बोलायचंय. यांचं कौतुक पुष्कळ होतं. परीक्षण फारसं कुणी करत नाही.

परीक्षणाला मोजपट्टी लागते. आमची मोजपट्टी केरळातली आहे: लॉरी बेकर, आणि त्यांच्या सहभागातून १९८५ साली उभी राहिलेली ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था. बेकर मूळचे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७ चा. कुष्ठरोग्यांसाठीच्या इमारतींच्या कामाला म्हणून भारतात आले आणि इथलेच झाले. गांधीजींशी मुंबईत झालेल्या भेटीची आठवण ते सांगत: घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं. हे वाक्य आज प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. पण बेकरांचं मोठेपण त्या वाक्यात फार थोडं आहे, ते त्यांच्या भिंतीत आहे.

त्यांचा ‘रॅट-ट्रॅप बॉण्ड’ घ्या. विटा नेहमीसारख्या आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावायच्या. भिंत तेवढीच नऊ इंचांची, पण आत पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येतं. त्यांचा ‘फिलर स्लॅब’ घ्या. स्लॅबच्या खालच्या भागात ताण घेते ती सळई. तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही. मग त्या जागी जुनी मंगळुरी कौलं का घालू नयेत? तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार बघा. विटांच्या जाळ्यांमधून वारा खेळतो, उजेड गाळून येतो. आरोग्यदायी घर म्हणजे दुसरं काय हो? हवा खेळली पाहिजे, ओल साचता कामा नये आणि दुपारचं ऊन रात्रभर डोक्यावर तापत राहता कामा नये.

आता टीकेचा मुद्दा. बेकर रद्दी कागदावर रेखाटनं करत, ठेकेदार टाळत आणि गवंड्यांच्या शेजारी उभे राहून जागेवर निर्णय घेत. काम सुंदर व्हायचं, पण ते एका माणसाच्या उपस्थितीवर चालायचं. तो माणूस दहा ठिकाणी कसा असणार? कॉस्टफोर्डचं महत्त्व इथे आहे. बेकरांबरोबर त्यात माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन होते, अर्थतज्ज्ञ के. एन. राज होते. संस्थेनं गवंडी शिकवले, स्वतः बांधकामं घेतली, गरिबांची घरं बांधली, आणि बेकरांच्या हाताने काढलेल्या चित्रांच्या सोप्या पुस्तिका छापल्या. ज्ञान एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या हातात गेलं. व्यावसायिकांचा समुदाय म्हणतात तो याला.

हे आम्ही इतकं ताणून का सांगतोय? कारण आपल्याकडे किल्लारी झालेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मराठवाड्यात हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. ती घरं कशाची होती? दगड, माती आणि लाकूड. सगळं नैसर्गिक, सगळं जवळपासचं. जाड भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचं जड ओझं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन थरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला, थर सुटले, भिंती फुटल्या. जिथे आतल्या लाकडी खांबांनी माळवद तोलून धरलं, तिथे काही जीव वाचले.

त्याच १९९३ साली भारतीय मानक संस्थेचे दोन मार्गदर्शक दस्तऐवज आले: एक मातीच्या इमारतींसाठी, दुसरा दगड-मातीसारख्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी. दुसऱ्यात आरपार दगड किती अंतरावर घ्यायचा तेही दिलंय: उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि आडवा १.२ मीटरच्या आत. एवढीशी गोष्ट, पण ती गवंड्याच्या हातात असती तर! पुढे लोकांनी ठरवून टाकलं की माती मारते, सिमेंट वाचवतं. मातीवर आरोप झाला, आणि हरवलेल्या कसबाची चौकशी राहूनच गेली.

म्हणून ‘नैसर्गिक म्हणजे चांगलं’ असं सांगत सुटणाऱ्यांना आमचा विरोध आहे. नैसर्गिक घर म्हणजे नीट बांधलेलं नैसर्गिक घर. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. हे कळणारा गवंडी नसेल तर चांगली मातीसुद्धा बदनाम होते.

दुसरा मुद्दा पैशाचा, जो कार्यशाळेत सहसा निघत नाही. आर्किटेक्टची फी बहुतेकदा बांधकामाच्या खर्चावर टक्क्यांनी ठरते. म्हणजे खर्च कमी करून दाखवला की त्याची स्वतःचीच कमाई घटते. मग टिकाऊ घर आपोआप शहराजवळच्या फार्महाऊसकडे वळतं. तिथे माती हौसेची असते. गावात मात्र तीच माती गरिबीची खूण ठरते, कारण सरकारी नोंदीत मातीची भिंत म्हणजे ‘कच्चं’ घर. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना आपलं घर कच्चं आहे असं कोण सांगेल? स्लॅबच्या मागे धावणाऱ्याला हसू नका. तो इज्जत विकत घेतोय.

तेव्हा अशा कुठल्याही गटाला विचारायचे आमचे तीन प्रश्न. वर्षभरात तुम्ही किती गवंडी तयार केले, आणि त्यांना जास्त मजुरी मिळते का? खर्च वाचवला तर तुमच्या सभासदाची फी बुडते का, की त्यावर काही तोड काढलीत? आणि पाच पावसाळ्यांनंतर भिंत भेगाळली तर मालकाने कुणाकडे जायचं?

केरळातसुद्धा बहुतेक घरं आज काँक्रीटचीच होतात, हे खरं. बेकरांचा विजय झाला असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या संस्थेकडे या तिन्ही प्रश्नांवर बोलायला काही काम तरी आहे. आपल्याकडच्या मंडळींनी पुढच्या कार्यशाळेत एक करावं: पहिली रांग गवंड्यांना द्यावी, त्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी, आणि फोटो काढण्याआधी त्यांना विचारावं, ‘दादा, ही भिंत तुम्ही स्वतःच्या घराला बांधाल का?’ ते ‘नाही’ म्हणाले, तर का नाही, हे लिहून घ्यावं. खरं काम तिथून सुरू होईल.