प्रसामान्य वितरण आणि बालकाचे वजन : एक चिकित्सा

जैविक मापनांच्या विश्लेषणात माध्य व प्रमाण विचलन काढण्याची पद्धत रूढ आहे. प्रसामान्य वितरणात सुमारे ६८ टक्के निरीक्षणे माध्यापासून एका, तर सुमारे ९५ टक्के निरीक्षणे दोन प्रमाण विचलनांच्या आत येतात. हा गुणधर्म वितरणाचा आहे. प्रत्येक जैविक मापन त्यात बसेलच असे नाही. हा भेद विसरल्यास आकडेमोड बिनचूक राहूनही निष्कर्ष चुकतो.

मुळशी तालुक्यातील एका वयोगटाच्या बालकांची वजने घेतली, त्यांचेच माध्य काढले आणि ‘उणे दोन प्रमाण विचलना’खालील बालके कमी वजनाची ठरवली, असे समजू. वितरण प्रसामान्य असल्यास त्यांचे प्रमाण सुमारे २.३ टक्केच निघेल. मग सर्व बालके सुपोषित असोत वा अर्धपोटी. सर्वांचेच वजन घटले तर माध्यही खाली सरकते आणि कुपोषण आकड्यांत दिसत नाही. शिवाय ३० बालकांच्या अंगणवाडीत २.३ टक्के म्हणजे एक बालकही होत नाही.

म्हणून निकष गटाबाहेरचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढमानके सहा देशांतील, अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या बालकांवर आधारलेली आहेत. त्यांत दिल्लीतील बालकेही होती. एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ती २००८ मध्ये स्वीकारली. या मानकांत उंचीचे वितरण प्रसामान्य मानले आहे, वजनाचे नाही. अधिक वजनाच्या बाजूस ते लांबलेले असल्याने आधी घातरूपांतर करावे लागते. थेट ‘माध्य ± २ प्रमाण विचलन’ मांडणारा अभ्यासक ही पायरी गाळतो.

या साधनाचा विवेकी वापर पुणे जिल्ह्यातच आढळतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजातांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या नवजातांशी केली. सरासरी जन्मवजन अनुक्रमे २.७ व ३.५ किलो होते. वजन, घेर आणि त्वचेच्या घडीची जाडी ही भिन्न एककांतील मापे प्रमाण विचलनामुळे एका पट्टीवर आली. पोटाचा घेर सर्वाधिक मागे होता. खांद्याच्या पात्याखालील, चरबी दर्शवणारी घडी सर्वांत कमी. कृश दिसणाऱ्या बालकातील टिकून राहिलेली चरबी केवळ वजनावरून कळली नसती.

तात्पर्य, प्रमाण विचलन अंतर सांगते, कारण सांगत नाही. ते कोणाच्या माध्यापासून मोजले आणि मूळ वितरण तपासले का, हे नोंदवल्याखेरीज बालकाविषयीचा निर्णय ग्राह्य धरता येत नाही.